संध्याकाळीच गोंधळ का होतो? जेवणाच्या सवयी आणि मेंदू: एका केसचा पूर्ण अभ्यास

केस ७१ वर्षांच्या एका बाईंची आहे, त्यांना इथे नुसतं काकू म्हणते. मी आहारतज्ज्ञ आहे. विसरण्याच्या तक्रारी असलेले पेशंट न्यूरॉलॉजिस्ट माझ्याकडे पाठवतात आणि बहुतेक वेळा ते येतात तोवर निदान होऊन गेलेलं असतं, घरच्यांचा प्रश्न एवढाच उरलेला असतो की आता यांना खायला काय द्यायचं. काकू मात्र निदान पक्कं व्हायच्या आधी आल्या, म्हणून जेवण आणि मेंदू यांच्यात कुठून कुठे काय जातं हे त्यांच्या केसमध्ये बरंच उघड दिसलं. त्यांच्या आणि त्यांच्या मुलीच्या परवानगीने लिहितेय, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय.

मुलगी दुसऱ्या शहरात राहते, रोज ऑफिस सुटल्यावर आईला फोन करते. तिची तक्रार अशी की संध्याकाळी फोनवर आई विचित्र बोलते, एकच गोष्ट परत परत विचारते, मधेच गप्प होते, एकदा तर म्हणाली की बाबा अजून घरी आले नाहीत, आणि बाबांना जाऊन दोन वर्षं होत आली होती. सुट्टीच्या दिवशी सकाळी फोन केला की मात्र आई बऱ्यापैकी नीट बोलायची. मुलीने नेटवर वाचलं की डिमेन्शियात संध्याकाळी गोंधळ वाढतो, ते खरंच आहे, त्याला सनडाउनिंग म्हणतात, आणि वाचून ती पार खचून गेली. क्लिनिकमध्ये मोका टेस्ट झाली, म्हणजे स्मरणशक्ती आणि विचार करण्याची छोटी चाचणी, ३० पैकी १९ आले. २६ च्या खाली आलं की पुढे तपासायला हवं असं साधारण धरतात. म्हणजे काळजी करण्यासारखं होतंच.

जुनी फाइल जाडजूड होती. टाइप टू डायबेटिस बरीच वर्षं, त्याला मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. ब्लडप्रेशरची गोळी. ऍसिडिटीची गोळी, जी कधीतरी थोड्या दिवसांसाठी दिलेली आणि मग कुणी बंदच केली नाही. शेवटचा एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या सरासरी शुगरचा आकडा, ६.१. या आकड्याबद्दल आधीच्या डॉक्टरांनी शाबासकी दिली होती, आणि काकूंना त्याचा फार अभिमान होता. मला तो आकडा बघूनच धास्ती वाटली, का ते पुढे सांगते.

काकू हिशेबाच्या नोकरीतून रिटायर झालेल्या. त्यांना सांगितलं होतं की आठवडाभर काय खाल्लं ते लिहून आणा, त्यांनी सुंदर अक्षरात रेघा मारून वही आणली. सकाळ, दुपार, चार वाजता, रात्र असे रकाने. सकाळी चहा बिस्किटं. चारला चहा बिस्किटं. रात्री सूप आणि ब्रेड. आणि दुपारच्या रकान्यात सातही दिवस एकच शब्द, "जेवले". काय जेवले ते नाही. मी विचारलं, काकू, काल दुपारी काय होतं जेवायला? त्या हसल्या, म्हणाल्या नेहमीचंच गं. परवा? नेहमीचंच. मी जास्त ताणलं नाही, कारण आठवत नसताना माणूस जे उत्तर तोंडाला येईल ते देतो आणि त्यात खोटेपणा अजिबात नसतो, त्यांना खरंच वाटत असतं की आपण जेवलो.

ज्यांना विसरायला होतंय त्यांच्याबाबत आम्ही वहीपेक्षा स्वयंपाकघरावर जास्त भरवसा ठेवतो. फ्रिजमध्ये काय आहे, कचऱ्यात काय पडतंय, महिन्याच्या सामानात काय संपतं आणि काय तसंच राहतं. मुलगी पुढच्या वेळी आईकडे गेली तेव्हा तिला फोटो काढून पाठवायला सांगितलं. फोटोंमध्ये बिस्किटांची तीन फोडलेली पाकिटं होती, सूपच्या पाकिटांचा आख्खा खोका होता, आणि फ्रीझरमध्ये मुलीने मागच्या वेळी करून ठेवलेले जेवणाचे डबे, वर तिच्याच अक्षरात तारखा, जवळजवळ सगळे जसेच्या तसे. शेजारी आठवड्याच्या गोळ्यांची डबी. ती मात्र त्या दिवसापर्यंत बरोबर रिकामी. जेवणाचे डबे भरलेले आणि गोळ्यांची डबी रिकामी, हे दोन फोटो एकाखाली एक बघितले आणि मी लगेच न्यूरॉलॉजिस्टना फोन केला.

कारण ग्लिमेपिराइड ही गोळी तुम्ही जेवलात की नाही हे बघत नाही. ती स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते आणि तिचा असर दिवसभर टिकू शकतो. सकाळी गोळी, त्यावर चहा आणि चार बिस्किटं, दुपारी काहीच नाही, म्हणजे दुपारनंतर शुगर खाली जाणार हे जवळपास ठरलेलं. मेंदूचं वजन शरीराच्या साधारण २ टक्के असतं पण एकूण ऊर्जेतला २० टक्क्यांच्या आसपास वाटा तो घेतो, आणि स्वतःजवळ साठा असा त्याच्याकडे फारसा नसतो, रक्तातून येणाऱ्या ग्लुकोजवर तो मिनिटामिनिटाला अवलंबून. तरुण माणसाला शुगर उतरली की घाम सुटतो, हात थरथरतात, धडधडतं. वय झाल्यावर आणि डायबेटिस जुना झाल्यावर या खुणा मंद होतात आणि समोर येतो तो सरळ गोंधळ, असंबद्ध बोलणं, सुस्ती. लांबून फोनवर ऐकणाऱ्याला ते डिमेन्शियाच वाटणार.

आणि म्हणूनच तो ६.१. एचबीएवनसी ही दोनतीन महिन्यांची सरासरी असते, सरासरीत उंच आणि खोल दोन्ही लपतं. वयस्कर, एकट्या राहणाऱ्या, विसरायला लागलेल्या माणसाला एवढं टाइट कंट्रोल ठेवायची गरज नसते, अमेरिकन डायबेटिस असोसिएशनसुद्धा अशांसाठी ८ च्या खालपर्यंत सैल टार्गेट चालेल म्हणते. ग्लिमेपिराइडसारख्या लांब असर असलेल्या गोळ्या वयस्करांना शक्यतो टाळाव्यात असं २०२३ च्या बीअर्स यादीत स्पष्ट आहे, ही यादी अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटी काढते. पण फाइलवर आकडा छान दिसला की कोण विचारतंय पेशंट दुपारी जेवतो का.

मुलीने रजा काढली, आईकडे राहिली आणि संध्याकाळी ग्लुकोमीटरने शुगर बघायला लागली. आईला मुद्दाम उपाशी ठेवायचं अजिबात नाही, फक्त चारच्या चहाच्या आधी आणि नेहमीच्या फोनच्या वेळेला तपासायचं, आणि कमी आली तर लगेच साखर द्यायची, एवढंच डॉक्टरांनी सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी ५८ आली. ७० च्या खाली म्हणजे कमी. त्या वेळी आईला वार सांगता येत नव्हता, टीव्हीच्या रिमोटकडे नुसतं बघत बसली होती. मुलीने १५ ग्रॅम साखर पाण्यात घालून दिली, १५ मिनिटांनी परत तपासलं, मग खायला दिलं. अर्ध्यापाऊण तासाने आई म्हणाली, तू कधी आलीस, रजा शिल्लक आहे ना गं तुझी? मुलीने मला हे सांगितलं तेव्हा ती रडत होती. इतके महिने ज्याला ती आईचा आजार समजत होती त्यातला एक मोठा भाग साखरपाण्याने उतरला होता.

ग्लिमेपिराइड डॉक्टरांनी बंद केली. इथे कळकळीने सांगते, हे वाचून कुणीही घरच्या माणसाची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, शुगर वाढून राहिली तर मेंदूचं नुकसान दुसऱ्या बाजूने होतं. अमेरिकेत २०६७ वयस्कर लोकांचा अभ्यास २०१३ मध्ये आला होता, त्यात डायबेटिस नसलेल्यांमध्येही रक्तातली सरासरी शुगर जेवढी जास्त तेवढा डिमेन्शियाचा धोका जास्त दिसला. आणि २००९ च्या एका अभ्यासात, टाइप टू डायबेटिसच्या १६,६६७ वयस्कर पेशंटमध्ये, ज्यांना शुगर फार उतरून हॉस्पिटलमध्ये यावं लागलं होतं त्यांच्यात पुढे डिमेन्शिया जास्त निघाला. म्हणजे वरही नको, खालीही नको. आणि हे दोन्ही टोकांना टाळणं म्हणजे प्रत्यक्षात काय, तर वेळेवर जेवण आणि जेवणाला साजेशी गोळी.

ही झाली पहिली गोष्ट. दुसरी रक्ताच्या रिपोर्टमध्ये होती.

बी१२ आलं १४२. २०० च्या खाली म्हणजे कमतरता धरतात. होमोसिस्टीन, म्हणजे बी१२ कमी पडलं की रक्तात वाढणारा एक घटक, २४, ते १५ च्या आत असावं. लाल पेशी आकाराने मोठ्या झालेल्या. काकूंना विचारलं की पायाला मुंग्या येतात का, तर म्हणाल्या हो, वर्षभर येतायत, वयाने येतात ना? वयाने नाही येत. बी१२ पोटात सुटं व्हायला ऍसिड लागतं, ते ऍसिडिटीच्या गोळीने वर्षानुवर्षं दाबलेलं. पुढे लहान आतड्याच्या शेवटच्या भागात ते शोषलं जातं, तिथे मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यावर आडवं येतं. आणि मुळात खाण्यात ते येतच नव्हतं, कारण बी१२ दूध, अंडी, मासे, मांस यातून मिळतं आणि काकूंच्या दिवसात चहातल्या चमचाभर दुधाशिवाय यातलं काहीच उरलं नव्हतं. यकृतात बी१२ चा साठा काही वर्षं पुरतो म्हणून कमतरता हळू येते, इतकी हळू की माणूस त्याला म्हातारपण समजून बसतो. नसांवरचं मायलिन, म्हणजे वायरवर प्लॅस्टिकचं आवरण असतं तसं, ते टिकायला बी१२ लागतं, ते विरलं की पायाला मुंग्या, तोल जाणं, विसरणं, चिडचिड, उदास वाटणं, यातलं काहीही होऊ शकतं. फार उशीर झाला तर सगळं भरून येत नाही.

इथे एक गोष्ट ठामपणे म्हणावीशी वाटते. ज्याला कमतरता आहे त्याला ती भरून देणं हा उपचार आहे, आणि ज्याला कमतरता नाही त्याने मेंदूसाठी म्हणून व्हिटॅमिनच्या गोळ्या घेत बसणं ही वेगळी गोष्ट आहे. ऑक्सफर्डला व्हिटाकॉग नावाची ट्रायल झाली, २०१० मध्ये निष्कर्ष आले. सौम्य विसरभोळेपणा असलेल्यांना फॉलिक ऍसिड, बी६ आणि बी१२ दिलं तर मेंदू आक्रसण्याचा वेग कमी झाला, आणि सगळ्यात जास्त फरक कुणात, तर ज्यांचं होमोसिस्टीन मुळात वाढलेलं होतं त्यांच्यात. सरसकट सगळ्यांना मात्र डिमेन्शिया टाळायला बी किंवा ई व्हिटॅमिन, ओमेगा थ्री वगैरेच्या गोळ्या देऊ नयेत असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आहे. काकूंच्या कपाटात कुण्या नातेवाइकाने आणून दिलेल्या "स्मरणशक्ती"च्या कॅप्सूल होत्या, त्यात जिंको, एका झाडाच्या पानांचा अर्क. जिंकोची मोठी ट्रायल होऊन गेलीये, ३०६९ लोक, सगळे ७५ च्या पुढचे, २००८ मध्ये निष्कर्ष आले, डिमेन्शिया काही कमी झाला नाही. महागडी कॅप्सूल नियमित आणि बी१२ ची तपासणी कधीच नाही, हे मी इतक्या घरांमध्ये बघते की जीव तुटतो.

तिसरी गोष्ट एमआरआयमध्ये दिसली. मेंदूच्या आतल्या भागात पांढरे ठिपके बरेच, म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांचं जुनं नुकसान. ब्लडप्रेशर १५८/८६, गोळी चालू असताना. मग सूपचं पाकीट उलटं करून बघितलं. एका वाटीला ८०० मिलिग्रॅम सोडियम. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ कळतं, म्हणजे एका वाटीत २ ग्रॅम मीठ, आणि काकू रात्री दोन वाट्या घ्यायच्या. दिवसभराचं सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, काकूंचे ४ ग्रॅम नुसत्या रात्रीच्या सूपमध्ये होत होते, ब्रेड आणि बिस्किटांतलं वेगळंच. सूप म्हणजे हलकं, आजारी माणसाचं, पथ्याचं, असं वाटून त्या घेत होत्या बिचाऱ्या.

प्रेशरचं आणि मेंदूचं नातं आता बऱ्यापैकी पक्कं आहे. २०१९ मध्ये स्प्रिंट माइंड नावाच्या अमेरिकन ट्रायलचे निष्कर्ष आले, त्यात वरचं प्रेशर १२० च्या आत ठेवलेल्या गटात सौम्य बौद्धिक घट १९ टक्क्यांनी कमी दिसली, १४० च्या आत ठेवलेल्यांच्या तुलनेत. त्यात डायबेटिसवाले घेतलेले नव्हते आणि औषधं वापरून प्रेशर खाली आणलं होतं, त्यामुळे तो आकडा काकूंना तसाच्या तसा लावता येत नाही, पण दिशा तीच.

मला यातून जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते इथेच सांगून टाकते. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ कमिशनने २०२४ मध्ये डिमेन्शियाचे बदलता येण्यासारखे १४ धोके सांगितले, ते सगळे आयुष्यभर सांभाळता आले तर सुमारे ४५ टक्के केसेस टळू शकतील किंवा पुढे ढकलता येतील असा अंदाज आहे. त्या १४ मध्ये आहार असा वेगळा मुद्दाच नाहीये! पण प्रेशर आहे, डायबेटिस आहे, एलडीएल कोलेस्टेरॉल आहे, लठ्ठपणा आहे, दारू आहे. ताटातलं मेंदूपर्यंत पोचतं ते बहुतांश याच रस्त्यांनी, रक्तवाहिन्यांमधून, आणि दुसरं म्हणजे कमतरतेतून. एखादं फळ किंवा एखादा दाणा थेट जाऊन स्मरणशक्तीवर बसत नाही. म्हणून पेशंट आला की "मेंदूला चांगलं काय" या प्रश्नाच्या आधी मी शुगर, प्रेशर, बी१२, वजन आणि दात बघते.

दातांचं सांगायचंच राहिलं. काकूंची कवळी सैल झाली होती. त्या कुणाला बोलल्या नव्हत्या. कडक, चावायचं काही खाल्लं की हिरडी दुखायची, म्हणून फळं गेली, सॅलड गेलं, अक्रोड बदाम गेले, आणि चहात बुडवून मऊ होणारी बिस्किटं राहिली. सगळ्यांना वाटत होतं काकूंना गोडाची चटक लागलीये. गोडाची अचानक ओढ हे फ्रॉन्टोटेम्पोरल डिमेन्शियात, म्हणजे ज्यात आधी वागणं बोलणं बदलतं त्या प्रकारात, दिसणारं लक्षणसुद्धा आहे, त्यामुळे डॉक्टरांनी त्या दिशेनेही प्रश्न विचारले, पण काकूंचं वागणं, बोलणं, माणसांची जाण सगळं शाबूत होतं. कवळी नीट केल्यावर पहिलं काय मागितलं असेल तर सफरचंद.

आता अवघड प्रश्न. खाणं बिघडलं म्हणून मेंदू बिघडला, की मेंदू बिघडायला लागला म्हणून खाणं बिघडलं?

वजनाच्या नोंदी काढल्या. दीड वर्षात ६२ वरून ५५ किलो. नवरा गेल्यावर एकटीसाठी काय करायचं म्हणून स्वयंपाक सुटला, ही गोष्ट सगळ्यांना पटलेली होती आणि ती खरीही आहे. पण मुलीला मी खोदून खोदून विचारलं की बाबा असतानाचं काही आठवतंय का, तेव्हा तिला आठवलं की त्या वर्षी आईच्या हातच्या जेवणात दोनदा मीठ पडायचं किंवा अजिबात नसायचं, आणि चाळीस वर्षं करत आलेल्या पदार्थात एकदा मुख्य जिन्नसच घालायचा राहिला होता. बाबा हसून खायचे. स्वयंपाक हे फार गुंतागुंतीचं काम आहे, क्रम लक्षात ठेवायचा, वेळ सांभाळायची, एकाच वेळी दोन गॅसवर लक्ष, आणि मेंदूतली नियोजनाची बाजू ढिली पडायला लागली की ती सगळ्यात आधी तिथे दिसू शकते. वासाची जाण कमी होणं हेही अल्झायमरमध्ये लवकर दिसतं आणि वास गेला की जेवणातला रस जातो. डिमेन्शियाचं निदान व्हायच्या कितीतरी वर्षं आधीपासून वजन उतरायला लागतं हे अभ्यासांमध्ये दिसलेलं आहे.

म्हणजे काकूंच्या केसमध्ये दोन्ही दिशांनी चालू होतं. आधी थोडी घट, त्यामुळे स्वयंपाक अवघड, त्यात एकटेपण, मग चहा बिस्किटं, मग शुगर उतरणं आणि बी१२ खाली जाणं, त्याने विसरणं आणखी वाढलं, आणि विसरल्यामुळे दुपारचं जेवण परत राहिलं. हे चक्र आहे आणि त्यातला पहिला टप्पा आपल्या हातात नसला तरी बाकीचे बरेचसे आहेत.

आहाराच्या अभ्यासांचा गोंधळही इथूनच येतो. २०१५ मध्ये शिकागोच्या रश विद्यापीठातल्या मार्था क्लेअर मॉरिस यांनी माइंड डाएटचा अभ्यास मांडला, पालेभाज्या, बेरी, सुकामेवा, कडधान्यं, आख्खं धान्य, मासे, ऑलिव्ह ऑइल जास्त, आणि लाल मांस, बटर, चीज, गोड, तळलेलं कमी. ९२३ लोक, सरासरी साडेचार वर्षं. नीट पाळणाऱ्यांमध्ये अल्झायमरचं प्रमाण ५३ टक्क्यांनी कमी. हा आकडा जगभर फिरला. पण तो निरीक्षणाचा अभ्यास होता, आणि ज्याचा मेंदू आधीच आतून दमायला लागलाय तो माणूस नीट खाऊच शकत नसतो, मग दोष जेवणावर येतो. लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांचा व्हाइटहॉल अभ्यास आठ हजारांहून जास्त लोकांचा, मध्यम वयात आहार मोजला आणि जवळजवळ २५ वर्षं थांबले, तर आहाराच्या गुणांचा आणि डिमेन्शियाचा ठळक संबंध सापडला नाही. २०२३ मध्ये माइंड डाएटची खरी ट्रायल आली, ६०४ लोक, तीन वर्षं, तुलनेला दुसरा गट फक्त थोडं कमी खाणारा, आणि दोन्ही गटांच्या बुद्धीच्या चाचण्यांत सुधारणा झाली पण दोघांत म्हणावा तसा फरक नाही.

हे वाचून मग खाण्याने काही होत नाही असं म्हणणारे भेटतात, त्यांच्याशी मी सहमत नाही. तीन वर्षं हा मेंदूच्या दृष्टीने थोडा काळ आहे आणि दोन्ही गटांचं वजन पाचेक किलोने उतरलं होतं, म्हणजे तुलनेचा गटही काहीतरी चांगलं करतच होता. फिनलंडच्या फिंगर ट्रायलमध्ये १२६० लोकांपैकी साधारण निम्म्यांना आहार, व्यायाम, मेंदूचे व्यायाम आणि प्रेशर, शुगरवर लक्ष असं सगळं एकत्र दिलं, दोन वर्षांनी त्यांच्या एकूण चाचण्यांमधली सुधारणा दुसऱ्या गटापेक्षा २५ टक्के जास्त होती. अमेरिकेत २०२५ मध्ये यूएस पॉइंटर नावाच्या तशाच ट्रायलचे निष्कर्ष आले, दोन हजारांवर लोक, तिथेही अशा एकत्र, नीट आखलेल्या कार्यक्रमाचा जास्त फायदा दिसला. आहार एकटा सुटा काढून मोजायला गेलं की हाताला कमी लागतं, बाकीच्या गोष्टींबरोबर बसवला की काम करतो असं मी यातून घेते.

काकूंसाठी आम्ही काय केलं तर आधी फोनची वेळ बदलली. मुलगी संध्याकाळऐवजी दुपारी लंच ब्रेकमध्ये व्हिडिओ कॉल करते आणि दोघी समोरासमोर जेवतात. कुठल्याही डाएट चार्टने झालं नसतं ते याने झालं. आदल्या रात्री फ्रीझरमधला डबा खालच्या कप्प्यात काढून ठेवायचा, हे शेजारच्या ताई संध्याकाळी येऊन बघतात. सकाळी अंडं किंवा दूध दही. सूप तेच आवडतं तर सूपच, पण भाज्या आणि कडधान्यं शिजवून घोटलेलं, मीठ अगदी कमी, वरून लिंबू, मिरपूड. बिस्किटं बंद केली नाहीत, जागा बदलली, ती वरच्या फळीवर गेली आणि हाताशी दाण्यांची बरणी आली, कवळी नीट होईपर्यंत दाणे कुटून दिले. आणि वजन वाढवायचं, कमी करायचं नाही! माइंड डाएट वाचून मुलीला बटर चीज तोडायचं होतं, मी थांबवलं. मध्यम वयातला लठ्ठपणा धोका वाढवतो पण सत्तरीत सात किलो उतरलेल्या माणसाला कॅलरी कमी करायला सांगणं घातक आहे, त्यांना प्रोटीन हवं, किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम, म्हणजे काकूंना ५५ ते ६५ ग्रॅमच्या आसपास, आणि त्या तेव्हा कशाबशा तिसांपर्यंत पोचत होत्या.

बी१२ ची इंजेक्शनं सुरू झाली, ऍसिडिटीची गोळी डॉक्टरांनी टप्प्याटप्प्याने बंद केली, प्रेशरचा डोस बदलला. कानही तपासले, एका कानाला मशीन लागलं.

संध्याकाळचा गोंधळ गोळी बंद करून दुपारचं जेवण सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच गेला, पूर्ण गेला. सहा महिन्यांनी मोका २३. तीच टेस्ट परत दिल्याने एखाद्या गुणाचा सराव होतो ते धरूनसुद्धा सुधारणा खरी आहे. बी१२ नॉर्मल, मुंग्या कमी पण गेलेल्या नाहीत, प्रेशर १३४ पर्यंत, वजन ५८. एचबीएवनसी ७.२ झाला तेव्हा काकू नाराज झाल्या, माझे मार्क कमी झाले म्हणाल्या, त्यांना समजवायला बराच वेळ लागला की या वयात हाच चांगला मार्क आहे.

पण २३ म्हणजे अजून २६ च्या खालीच. पाच शब्द सांगून थोड्या वेळाने विचारले तर आधी एक आठवायचा, आता दोन आठवतात. न्यूरॉलॉजिस्टनी सौम्य बौद्धिक घट असं निदान लिहिलंय, रक्तवाहिन्यांचा भाग नक्की आणि मागे अल्झायमर असण्याची शक्यता उघडी ठेवलीये. मुलीने मला सरळ विचारलं, नीट जेवत राहिली तर पुढे डिमेन्शिया होणार नाही ना? मी तिला खोटी आशा दिली नाही. जो भाग उपासमारीने आणि गोळीने झाला होता तो परत आला, जो भाग आत चालू आहे त्याचा वेग आहाराने किती बदलेल हे एका माणसाच्या बाबतीत कुणालाच सांगता येत नाही, मात्र परत शुगर उतरू दिली, परत बी१२ खाली गेलं, प्रेशर चढं राहिलं तर घसरण वेगाने होईल.

सध्या ठरलंय ते असं. दर महिन्याला वजन, दोन किलो उतरलं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता फोन करायचा. बी१२ आणि किडनीची तपासणी ठरल्याप्रमाणे, मेटफॉर्मिन चालू आहे तोवर ती चुकवायची नाही. मोका वर्षभराने परत. गॅसऐवजी आपोआप बंद होणारी शेगडी घ्यायची की नाही यावर मायलेकींचं अजून एकमत झालेलं नाही, काकूंना स्वतः स्वयंपाक परत सुरू करायचाय आणि मी त्यांच्या बाजूने आहे, फक्त पहिले काही दिवस शेजारच्या ताई समोर असताना.